दिल्ली ते लंडन: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि सोलापूरच्या घरापासूनचा खरा हिशेब

मुलगा किंवा मुलगी लंडनला शिकायला, नोकरीला गेली की घरातली मंडळी मोबाईल उघडून आधी एकच गोष्ट शोधतात: किती लांब आहे आणि किती तास लागतात? उत्तर लगेच मिळतं. दिल्ली ते लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर, साधारण नऊ-साडेनऊ तास. हे उत्तर बरोबर आहे, पण ते दोन राजधान्यांमधलं आहे. जुळे सोलापुरातल्या किंवा अक्कलकोट रोडच्या घरातून निघणाऱ्या माणसाचा प्रवास याच्या तिप्पट वेळ खातो आणि बरीच धावपळ होते ती या उरलेल्या वेळात.

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून मी हे लिहितोय. आकडेमोड शाळेतल्या सातवी-आठवीची आहे. एकदा हाताने केलीत की पुढे कुठल्याही दोन शहरांसाठी जमेल.

१. आधी अंतर नक्की कोणतं ते ठरवा

दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचं सर्वांत जवळचं हवाई अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर आहे. तेच मैलांत सुमारे ४,१८० आणि सागरी मैलांत सुमारे ३,६३०. तिन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणी छापलेले दिसतात आणि माणूस गोंधळतो. १ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, म्हणून वैमानिक सांगेल तो आकडा नेहमी लहान वाटतो.

हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडचे देश ताणून मोठे झालेले असतात. त्या नकाशावर दिल्लीपासून लंडनपर्यंत सरळ रेघ मारली तर ती इराण-तुर्कस्तानवरून जाते. खरी जवळची वाट मात्र वर उत्तरेकडे वळते. ती पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडचा भाग आणि रशिया-युक्रेनचा पट्टा यांवरून जाते. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, वाट आपोआप दिसेल. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर परीघ साधारण ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा १ सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरांचा. दिल्ली-लंडन दोरा १६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. नातवंडांना घेऊन हे एकदा जरूर करा. भूगोलाच्या पुस्तकात न कळलेलं इथे कळतं.

दोरा नको असेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ नावाचं संकेतस्थळ आहे. त्यात विमानतळांची तीन अक्षरी चिन्हं टाकायची: दिल्लीचं डीईएल, हीथ्रोचं एलएचआर, मुंबईचं बीओएम, हैदराबादचं एचवायडी आणि आपल्या सोलापूरचं एसएसई. अंतर आणि वक्र रेघ दोन्ही समोर येतात.

२. अंतरावरून वेळ काढा

मोठं प्रवासी विमान उंचीवर पोचलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढणं, उतरणं, पुन्हा सरपटणं यासाठी ४० मिनिटं वेगळी धरा. वारा नाही आणि वाट अगदी सरळ आहे असं मानलं तर ६,७३० भागिले ९०० म्हणजे साडेसात तास, अधिक ४० मिनिटं. सव्वाआठ तासांत लंडन.

प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण हवाई मार्ग ठरलेले असतात आणि विमान जवळच्या वाटेवरून शंभर टक्के कधीच जात नाही. ७,२०० किलोमीटर धरा. शिवाय आपण उत्तर गोलार्धात ज्या पट्ट्यातून जातो तिथे साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना हा वारा समोरून येतो, येताना पाठीवर असतो. सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा धरून पाहा:

- जाताना: ७,२०० भागिले ८२०, अधिक ४० मिनिटं, म्हणजे साधारण साडेनऊ तास.
- येताना: ७,२०० भागिले ९८०, अधिक ४० मिनिटं, म्हणजे साधारण आठ तास.

वेळापत्रकात जाण्याचा वेळ जास्त आणि येण्याचा कमी का दिसतो, ते आता कळलं असेल. हिवाळ्यात हा वारा अधिक जोर धरतो, त्यामुळे फरक आणखी वाढतो.

आणखी एक मोठी गोष्ट आहे आणि ती जुन्या माहितीत सापडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतानेही तसंच उत्तर दिलं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना तेव्हा आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. प्रवास तासाभराच्या आसपास वाढला. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. परदेशी कंपन्यांना हा नियम लागू नसतो, त्यामुळे एकाच दिवशी दिल्लीहून सुटणाऱ्या दोन विमानांच्या वेळा वेगवेगळ्या दिसू शकतात. रशियाच्या हद्दीचंही तसंच आहे. २०२२ पासून ब्रिटन आणि युरोपातल्या कंपन्यांना ती बंद आहे. इराण-इराकच्या बाजूला तणाव वाढला की त्या वाटाही अधूनमधून बंद होतात.

म्हणून तिकीट काढण्याआधी ‘फ्लाइटरडार२४’ या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्याभरातल्या फेऱ्या पाहा. प्रत्यक्ष किती तास लागले, कोणत्या वाटेने गेलं, किती उशिरा सुटलं, सगळं दिसतं. छापील वेळापत्रकापेक्षा मी या माहितीवर जास्त विश्वास ठेवतो.

३. घड्याळाचा फरक समजून घ्या

सगळ्यात जास्त फोन मला याच कारणासाठी येतात. ‘तिकिटावर जायला चार तास आणि यायला चौदा तास कसे?’

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. लंडनमध्ये हिवाळ्यात ग्रीनिचची वेळ चालते, तेव्हा फरक साडेपाच तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा राहतो.

उदाहरण घेऊ. दिल्लीहून दुपारी २ वाजता विमान सुटलं, साडेनऊ तास लागले. आपल्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा. हिवाळ्यात लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. कागदावर चारच तास गेले. परतताना लंडनहून रात्री ९ला सुटलं, साडेआठ तास लागले. तिथल्या घड्याळात पहाटेचे साडेपाच, दिल्लीत सकाळचे ११. कागदावर चौदा तास. विमानात बसलेला काळ ‘ड्युरेशन’ किंवा ‘एकूण वेळ’ या रकान्यात वेगळा दिलेला असतो, तोच पाहा.

तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात ‘+१’ असेल तर विमान दुसऱ्या तारखेला पोचतं. येतानाच्या तिकिटावर हे हमखास असतं. न्यायला येणाऱ्या माणसाला तारीख सांगताना हा अधिक एक आवर्जून सांगा. रात्री १२ ते १च्या दरम्यान सुटणाऱ्या विमानांचा सापळा याहून वाईट. तिकिटावर १५ तारीख, रात्री ००:४० असं असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. १५च्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची औषधं चालू असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना हा तासांचा फरक सांगून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात. जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे स्वतःच्या अंदाजाने अजिबात ठरवू नये.

४. सोलापूरहून दिल्लीला जायचंच कशाला, हा प्रश्न विचारा

लंडन दिल्लीहून जवळ आहे, म्हणून दिल्लीहून जाणं सोयीचं, असं पुष्कळांना वाटतं. आकडे पाहा:

- दिल्ली ते लंडन: सुमारे ६,७३० किमी
- मुंबई ते लंडन: सुमारे ७,२०० किमी
- हैदराबाद ते लंडन: सुमारे ७,७५० किमी

मुंबईहून अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचा अर्धा-पाऊण तास. उलट सोलापूर ते दिल्ली सरळ रेषेतच १,२०० किलोमीटरहून जास्त आहे. कर्नाटक एक्स्प्रेसने एक दिवसापेक्षा जास्त जातो. मुंबई रेल्वेने सुमारे ४५५ किलोमीटर, हैदराबाद रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर. वर सांगितलेली हवाई हद्दीची अडचण आली की दिल्लीचा तो अर्धा तासही हातचा जातो, कारण मुंबईची विमानं तशीही अरबी समुद्रावरूनच निघतात.

माझं स्पष्ट मत आहे: ज्येष्ठ मंडळी असतील तर मुंबईहून थेट विमान घ्या. दिल्लीमार्गे पाच-सात हजार रुपये वाचत असतील तरी दगदग त्याहून महाग पडते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुकं असतं, सकाळची विमानं तासन्‌तास खोळंबतात. हैदराबादचा पर्याय आपल्याकडे फारसं कोणी विचारात घेत नाही, पण अक्कलकोट रोड, विजापूर रोडकडच्या लोकांनी जरूर पाहावा. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे, सोलापूरकडून गाडीने गेलं तर मुंबईसारखी वाहतुकीची कोंडी लागत नाही.

एक आठवण इथे सांगण्यासारखी आहे. भारताची लंडनला जाणारी पहिली नियमित विमानसेवा मुंबईहूनच सुरू झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत लंडनला गेलं. आज आपण न थांबता दहा तासांत जातो.

५. मुंबई विमानतळापर्यंत कसं पोचायचं

आंतरराष्ट्रीय विमानासाठी सुटण्याच्या चार तास आधी विमानतळावर असावं. त्यावरून उलटं मोजत या.

*सिद्धेश्वर एक्स्प्रेस.* रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सोलापूरहून सुटते, सकाळी मुंबईत. दुपारच्या विमानासाठी ही सर्वांत चांगली. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरून टॅक्सी करा. सहारचा टर्मिनल २ तिथून जवळ पडतो. आरक्षण लवकर भरतं, त्यामुळे विमानाचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात रेल्वेचंही पाहा.

*वंदे भारत.* १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे. सकाळी सहाच्या सुमारास सुटून दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत. संध्याकाळच्या आणि रात्रीच्या विमानाला उत्तम. सामान ठेवायची जागा मात्र मर्यादित आहे. दोघांच्या चार मोठ्या बॅगा असतील तर त्रास होतो. आठवड्यातला एक दिवस ही गाडी धावत नाही, तो आधी तपासा.

*गाडी करून.* आठ तास धरा, पावसाळ्यात दहा. खंडाळा घाट आणि नवी मुंबईचा पट्टा किती वेळ खाईल ते कोणीच सांगू शकत नाही.

*सोलापूरहून विमान.* होटगी रोडच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली आणि २०२५ मध्ये गोवा, त्यानंतर मुंबई अशी सेवा सुरू झाली. आपल्या शहरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. पण परदेशी विमानाला जोडून तिचं तिकीट काढताना सावध राहा. विमान लहान, फेऱ्या मोजक्या, वेळापत्रक बदलतं. त्यात दोन तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. या मार्गाने जायचं तर आदल्या दिवशी जा आणि मुंबईत मुक्काम करा.

६. तिकीट काढताना हे तपासा

मधे थांबा असलेलं तिकीट घेत असाल तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का ते पाहा. एकच पीएनआर असेल तर पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी राहते. वेगवेगळी तिकिटं असतील तर सगळा भार तुमच्यावर. दिल्लीमार्गे जात असाल तर टर्मिनल पाहा. देशांतर्गत विमान टर्मिनल १ला उतरू शकतं आणि लंडनचं विमान टर्मिनल ३हून सुटतं. दोन्हींमध्ये रस्त्याने जावं लागतं. बॅगांसकट यात तास-दीड तास सहज जातो, म्हणून मधे किमान चार तास ठेवा. थांबा दुसऱ्या देशात असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे, म्हणजे नुसतं विमान बदलण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाचे, नियम भारतीय पासपोर्टसाठी वेगळे असू शकतात, त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

लंडनचे विमानतळही एकाहून अधिक आहेत: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी. तिकिटावर नुसतं ‘लंडन’ वाचून मुलाला हीथ्रोला उभं करू नका.

७. घर ते घर हिशेब मांडा

आता सगळं एकत्र करू. हिवाळ्यातला सोमवार समजा.

- सोमवारी रात्री ९:४५: सोलापुरात घरातून निघालात.
- मंगळवारी सकाळी ६:३०च्या सुमारास: सिद्धेश्वरने दादर. आवरून, खाऊन ८–९ वाजता विमानतळ.
- दुपारी १: मुंबईहून विमान सुटलं. दहा तास.
- आपल्या रात्री ११ला, लंडनच्या संध्याकाळी ५:३०ला उतरलात.
- पासपोर्ट तपासणी, बॅगा: दीड तास. लंडनच्या ७ वाजता बाहेर.
- मेट्रोने किंवा गाडीने मुलाच्या घरी: लंडनचे ८:१५.

तेव्हा सोलापुरात मध्यरात्रीनंतरचा १:४५ झालेला असतो. एकूण अठ्ठावीस तास आणि त्यातले हवेतले फक्त दहा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विमानापेक्षा हे बाकीचे अठरा तास जड जातात. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. हीथ्रोवर विमानापासून पासपोर्ट तपासणीपर्यंतचं चालणंच पुष्कळ असतं.

८. सोबत काय हवं

हातातल्या पिशवीत, बॅगेत नव्हे:

- पासपोर्ट. नवा काढायचा असेल तर सोलापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला खेटे घालायची गरज नाही.
- व्हिसा. डिजिटल असेल तर ऑनलाइन खात्यात हाच चालू पासपोर्ट जोडलेला आहे का ते निघण्याआधी पाहा. पासपोर्ट नवा केला आणि खात्यात जुनाच राहिला, तर विमानतळावर अडकायला होतं.
- येण्याजाण्याचं तिकीट छापून, प्रवास विम्याची प्रत.
- मुलाचा पत्ता आणि फोन क्रमांक इंग्रजीत, कागदावर. मोबाईल बंद पडतो.
- पूर्ण प्रवास आणि वर तीन दिवस पुरतील एवढ्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत ठेवायला मनाई आहे.
- स्वेटर आणि पायमोजे. विमानात गारठा असतो.

मोठ्या बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी खुशाल न्या, पक्की बांधून. चटणी आणि तिखट हातातल्या पिशवीत ठेवलंत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यात तेल असल्यामुळे कंपन्या नाकारतात. तूप, पेढे, पनीर यांसारखे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. सोलापुरी चादरी न्यायच्या असतील तर आधी वजनकाट्यावर ठेवून बघा. दोन जाड चादरींत बॅगेचं बरंचसं वजन संपतं.

९. परतीचं आधीच ठरवा

येताना वेळ कमी लागतो, पण शरीराला तोच प्रवास जास्त लागतो, कारण पूर्वेकडे येताना रात्र लहान होते. मुंबईत सकाळी अकरापर्यंत उतरणारं विमान असेल तर संध्याकाळी चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत मिळू शकते, पण उतरण्याची वेळ आणि गाडी यांत पाच तासांपेक्षा कमी अंतर असेल तर तिचा नाद सोडा. रात्रीची सिद्धेश्वर घ्या, सकाळी सोलापूर. दिल्लीमार्गे येत असाल तर बॅगा दिल्लीतच उतरवून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानाला परत द्याव्या लागतात, त्या थेट पुढे जातील असं समजून चालू नका. रेल्वेचं परतीचं तिकीट काढताना तारीख ‘+१’ धरून काढली आहे ना, तेवढं घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.